दुधाची डिग्री बघता, गाईच्या लघवीचीही बघा

गोठा सांभाळणाऱ्या माझ्या मायबहिणींनो, दूध उत्पादक बंधूंनो,

दुधात पाणी किती आहे, हे आपण दिवसातून दोनदा मोजतो. संकलन केंद्रावर कॅन उतरतो, फॅट लागते, एसएनएफ लागतो, डिग्री बघितली जाते आणि त्या आकड्यांवर घरातला पुढच्या दहा दिवसांचा बाजार ठरतो. पण जिने ते दूध दिलं, त्या गाईच्या अंगात पाणी किती आहे, हे आपण एकदा तरी मोजलं आहे का?

मी जनावरांची डॉक्टर आहे. माण, सांगोला, आटपाडी या कोरड्या पट्ट्यात माझी बरीच वर्षं गेली. शिमगा झाला आहे, ऊन चढायला लागलं आहे आणि येत्या तीन महिन्यांत मला कोणत्या गोठ्यांतून कसले फोन येणार, हे मला आजच माहीत आहे. ‘गाय दुधाला उतरली.’ ‘गाय खात नाही.’ ‘शेण गोळ्या-गोळ्याचं पडतंय.’ ‘गाय उलटतीय, गाभच राहत नाही.’ यातल्या कितीतरी गाईंना मुळात कोणताही रोग झालेला नसतो. त्या तहानलेल्या असतात. ही तहान डोळ्यांना दिसायच्या आधी मोजता येते, गोठ्यातच आणि पाच मिनिटांत मोजता येते. म्हणूनच मी हे पत्र उन्हाळा अंगावर यायच्या आत लिहिते आहे.

एक गोष्ट सांगते. एप्रिल महिना, दुपारी चारची वेळ. पत्र्याच्या गोठ्यात एक होल्स्टिन संकरित गाय उभी होती, व्यायल्याला अडीच महिने झाले होते. चौदा लिटरवरची गाय आठवड्यात नऊ लिटरवर आली होती. घरच्यांनी कॅल्शियमची बाटली पाजून पाहिली होती, लिव्हर टॉनिक झालं होतं, कोणाच्या तरी सांगण्यावरून जंताचं औषधही झालं होतं. ताप नव्हता. कास मऊ होती, दूध स्वच्छ होतं. मी घरातल्या आबांना विचारलं, ‘‘आबा, पाणी किती पिते?’’

‘‘पितीय की. सकाळी एक बारडी, सांजच्याला एक बारडी. रिकामी करती.’’

बारडी पंधरा लिटरची. म्हणजे दिवसाला तीस लिटर. दुधात जवळपास 87 टक्के पाणी असतं, तेव्हा चौदा लिटर दुधातून बारा लिटर पाणी रोज गाईच्या अंगातून बाहेर जात होतं. उरलेल्या अठरा लिटरमध्ये तिने शेण टाकायचं, लघवी करायची, लाळ तयार करायची, घाम गाळायचा आणि पत्र्याखालच्या त्या भट्टीत अंग थंड ठेवायचं. पुढ्यात कोरडा कडबा. हिरव्या वैरणीतून मिळतं ते पाणीही नाही. आणि ‘बारडी रिकामी करती’ हे सांगताना आबांच्या आवाजात समाधान होतं. भांडं रिकामं झालं म्हणजे पोट भरलं, असं आपण समजतो. ताट चाटूनपुसून संपवणाऱ्या पोराला मात्र आपण आणखी हवं का, असं विचारतो.

तिची लघवी मी बरणीत धरली. तिळाच्या तेलासारखी दिसत होती. माझ्याकडच्या छोट्या यंत्रात आकडा आला 1.044. त्या गोठ्यात औषध लिहून द्यायचं मला काहीच कारण राहिलं नाही. अर्धा कापलेला दोनशे लिटरचा पिंप सावलीत, तिच्या तोंडाशी ठेवायला सांगितला. आधी थोडं थोडं पाणी, मग हवं तेवढं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा लघवी फिक्या पिवळ्या रंगाची होती, आकडा 1.026 होता आणि दूध बारा लिटरपर्यंत वर आलं होतं. आबांच्या सूनबाई म्हणाल्या, ‘‘म्याडम, आम्ही दूध मोजत होतो, पाणी मोजत नव्हतो.’’ मी स्वतः तरी कुठे मोजत होते? तोवर कितीतरी वर्षं अशा गाईंना मीही सलाईन लावून, बिल घेऊन घरी आले होते. ते आठवलं की आजही झोप उडते.

आता तुमच्या मनात येईल, गाय तहानलेली असेल तर दुधाच्या डिग्रीत ते दिसणार नाही का? दिसत नाही, आणि याच जागी आपली फसगत होते. कास जे दूध बनवते त्यातल्या विरघळलेल्या पदार्थांचा एकूण दाब रक्ताच्या दाबाशी जुळलेला असतो. दुधात किती पाणी ओढलं जाणार हे मुख्यतः त्यातली दुधसाखर ठरवते. अंगातलं पाणी कमी झालं तर दूध घट्ट होऊन येत नाही, ते कमी येतं. केंद्रावर तुमची डिग्री अठ्ठावीसच लागते, फक्त मापात दूध कमी भरतं. आबांच्या गाईचंही तसंच झालं होतं, डिग्री तसूभरही हलली नव्हती. लॅक्टोमीटर दुधातलं पाणी पकडतो, गाईची तहान त्याला कळत नाही.

लघवीला ती कळते. रक्तातलं पाणी जरासं घटलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी बाहेर सोडू नका. मूत्रपिंडं पाणी मागे ओढून घेतात. टाकाऊ पदार्थ मात्र तितकेच राहतात. लघवी कमी होते, दाट होते, रंगाने गडद होते. ही शरीराची पहिली हालचाल. आपण एरवी जी लक्षणं बघतो, म्हणजे मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की हळू बसणं, डोळे खोल जाणं, नाकपुडी कोरडी पडणं, ती पुष्कळ उशिरा येतात. वजनाच्या पाच-सहा टक्क्यांइतकं पाणी गेल्यावर कुठे कातडी बोलायला लागते. चारशे किलोच्या गाईत हे वीस ते चोवीस लिटर झाले. म्हाताऱ्या, हडकुळ्या गाईची कातडी तर पाणी भरपूर असतानाही सैल असते. अंगातल्या एकूण पाण्याचा पाचवा हिस्सा गेला, की जनावर सहसा वाचत नाही. त्या टोकापर्यंत आपल्या गाई क्वचितच जातात. त्याच्या अलीकडच्या टप्प्यावर मात्र त्या रोज उभ्या असतात. तिथे त्या मरत नाहीत, आजारीही दिसत नाहीत, फक्त उतरत जातात.

लघवी धरायची कशी, हे मी शिकवायला नको. जीवामृतासाठी, पूजेसाठी, घरात शिंपडायला आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या गोमूत्र धरलं जातं. पहाटे गाय उठली की पहिल्या काही मिनिटांत मुतते, हे घरातल्या लहान पोरीलाही ठाऊक असतं. तेव्हा उभं राहायला वेळ नसेल, तर गाईच्या मागे थोडं बाजूला उभं राहून योनीच्या खालच्या कातडीवर हाताच्या तळव्याने हलकेच वर-खाली चोळा. बहुतेक शांत गाई मिनिटाभरात धार सोडतात. जोर लावायचा नाही, आत बोट घालायचं नाही. पहिली धार सोडून द्या आणि मधली धार स्वच्छ, पारदर्शक बरणीत धरा. शेणाचा शिंतोडा पडला तर ती ओतून टाका. म्हशी या बाबतीत जरा मानी असतात, त्यांच्यासाठी पहाटेचीच वेळ धरावी.

एक गोष्ट मात्र जुन्या सवयीच्या विरोधात जाऊन सांगते. हातात मोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. लघवीतून लेप्टोस्पायरोसिस माणसाला होऊ शकतो. जिच्या हाताला जखम असेल किंवा जी गरोदर असेल, त्या बाईने हे काम करू नये, गोठ्यात एखादी गाय गाभडली असेल तर मुळीच नाही. यात गोमूत्राचा अपमान होत नाही, आपल्या माणसाची काळजी घेतली जाते.

बरणी पांढऱ्या कागदापुढे धरा. भरपूर पाणी प्यालेल्या दुभत्या गाईची लघवी फिक्या पिवळ्या रंगाची, लिंबाच्या सरबतासारखी दिसते. गडद पिवळी, मधासारखी होत गेली तर पाणी कमी पडतं आहे असा संशय घ्या. रंगावर सगळा भरवसा मात्र टाकू नका. वैरण बदलली की रंग बदलतो आणि उघडी ठेवलेली लघवी तासाभरात गडद होते. लाल, कॉफीच्या रंगाची लघवी आली, तर तो तहानेचा विषय नाहीच. तो गोचीड ताप असू शकतो, नुकत्या व्यायलेल्या म्हशीत स्फुरदाची कमतरता असू शकते. तिथे बरणी हातात घेऊन थेट डॉक्टर गाठा. हळदीसारखी गर्द पिवळी लघवी आणि डोळ्यांत, तोंडात पिवळेपणा दिसला तर कावीळ. तेव्हाही तेच करा.

रंग झाला, आता आकडा. ज्या लॅक्टोमीटरवर दुधाची डिग्री बघता, तो मुळात कोणत्याही पातळ पदार्थाची घनता सांगणारा तरंगता काटा आहे. त्यावर 30 दिसलं म्हणजे घनता 1.030. लघवीतही तो तेच सांगतो. एक नवा, वेगळा लॅक्टोमीटर घ्या, त्याच्या दांडीवर लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि तो दुधाच्या भांड्यांपासून लांब, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवा. लघवीचा लॅक्टोमीटर दुधात आणि दुधाचा लघवीत, हे कोणत्याही परिस्थितीत होता कामा नये. ताजी लघवी गाईच्या अंगाइतकी गरम असते आणि गरम असताना आकडा कमी दिसतो. म्हणून ती सावलीत निवू द्या, फेस बसू द्या, मग उंच नळीत ओतून काटा सोडा. काटा पट्टीच्या खुणांपेक्षाही खाली बुडाला, तर लघवी पातळ आहे आणि गाय पाण्याने तृप्त आहे असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. हे ‘बहुतेक वेळा’ का, ते पुढे येईल.

दुसरं साधन आहे हातातला रिफ्रॅक्टोमीटर. दुर्बिणीसारखी छोटी नळी. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतात तिथला आकडा वाचायचा. आधी शुद्ध पाण्याच्या थेंबावर तो 1.000 दाखवतो का हे बघून घ्यायचं. तासगाव-मिरजेकडच्या, निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना हे यंत्र नवीन नाही. मण्यातली गोडी बघायला त्यांच्या खिशात ब्रिक्स मीटर असतोच. साखर कारखान्यांचे शेतकी कर्मचारीही उसाची पक्वता त्यावरच बघतात. लघवीची पट्टी असलेला रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर उत्तम. नसेल आणि घरात ब्रिक्स मीटर असेल, तर त्यावरचा आकडा घनता म्हणून वाचू नका, पण आपल्याच गाईची कालची आणि आजची लघवी ताडून बघायला तो पुरेसा आहे. लघवीत विरघळलेले पदार्थ वाढले की प्रकाश जास्त वाकतो आणि आकडा वर जातो. यंत्र घेतलंत तर त्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे. गाय व्याल्यावर पहिल्या चिकाचे दोन थेंब ब्रिक्स मीटरवर टाका. 22 किंवा त्यावर आकडा आला, तर तो चीक वासराला रोगप्रतिकारासाठी चांगला. चिकासाठी वापरण्याआधी काच धुऊन कोरडी करायची, हे सांगायला नकोच.

तिसरं साधन माणसांच्या तपासणीसाठी औषधाच्या दुकानात मिळणारी रंगीत पट्टी. ही पट्टी लघवीतली कीटोन द्रव्यं बघायला चांगली आहे आणि व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यासाठी ती जरूर वापरा. पण तिच्यावरच्या घनतेच्या चौकोनावर विसंबू नका. गाई-म्हशींची लघवी अल्कधर्मी असते आणि अशा लघवीत तो चौकोन खरी घनता आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणजे तहानलेली गाय त्या पट्टीवर ठणठणीत दिसते. अशा दिलाशापेक्षा नुसता रंग बघितलेला बरा.

आकडा किती हवा? पाठ्यपुस्तकांत गाईच्या लघवीची घनता साधारण 1.025 ते 1.045 अशी दिलेली असते. हे अंतर मोठं आहे, कारण त्यात सगळ्या प्रकारची जनावरं येतात. कोरडी वैरण खाणारी भाकड गाय 1.040 वर असली तर लगेच हादरून जाऊ नका. पण भरपूर पाणी मिळणारी, दुधाच्या भरात असलेली गाय या अंतराच्या खालच्या टोकाला, कित्येकदा त्याच्याही खाली असते. दुभत्या गाईसाठी मी माझ्या कामात 1.030 ही इशाऱ्याची रेघ धरते. त्याच्या वर आकडा गेला की पाण्याकडे बघायचं आणि 1.040 ओलांडला की बाकीची कामं बाजूला ठेवून बघायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या गोठ्याचा स्वतःचा आकडा काढा. आज, ऊन पूर्ण तापायच्या आत, प्रत्येक दुभत्या गाईची लघवी एकाच वेळी, समजा सकाळची धार काढून झाल्यावर, तपासा आणि दावणीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. मे महिन्यात त्याच वेळी पुन्हा तपासा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा भिंतीवरचा आकडा तुम्हाला जास्त खरं सांगेल.

आता यातली सर्वात उपयोगाची गोष्ट सांगते. मोठ्या गोठ्यात सगळ्या गाई तपासायची गरज नाही. ताजी व्यायलेली एक, दुधाच्या भरातली एक, लंगडणारी एक आणि पहिलारू एक, एवढ्या घ्या. आकडा सगळ्यांचाच चढला असेल, तर दोष पाण्यात आहे. पाणी कमी पडतं आहे, तापलेलं आहे, हौदात शेवाळ आहे किंवा बोअर आटत आल्यामुळे पाणी मचूळ झालं आहे. आकडा एकीचाच चढला असेल, तर दोष त्या गाईत किंवा तिच्या जागेत आहे. लंगडी गाय हौदापर्यंत जायचा कंटाळा करते. मुक्त गोठ्यात दांडगी गाय हौदापाशी उभी राहते आणि पहिलारू बिचारी लांबूनच बघत राहते. लाळ्या खुरकुताने तोंड आलेलं असतं, ताप असतो. एका बरणीतून एवढं कळतं. कोणत्या औषधाच्या बाटलीवर हे लिहिलेलं असतं?

हा आकडा फसवतो कधी, तेही सांगितलंच पाहिजे. ग्लुकोजची सलाईन नुकतीच चढवली असेल, तर साखर लघवीतून बाहेर पडते, सोबत पाणी ओढून नेते आणि घनतेचा आकडा खोटा होतो. त्या दिवशी तपासू नका. दुधावरच्या लहान वासराची लघवी पातळच असते, त्याला मोठ्या गाईचं माप लावू नका. आणि गाईचे डोळे खोल गेलेले आहेत, कातडी बसत नाही, तरीही लघवी पाण्यासारखी पातळ, 1.010 च्या आसपास येते आहे, तर मूत्रपिंडांनीच काम सोडलेलं असू शकतं. मघाशी मी ‘बहुतेक वेळा’ म्हटलं ते यासाठी. तिथे वाट बघू नका. बैल किंवा गोऱ्हा मुतायला उभा राहतो, कुंथतो आणि थेंबही पडत नाही, ही तर तासांवर येणारी गोष्ट आहे. दाट लघवीच्या बैलांत मूतखडा नळीत अडकतो. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे, तो गोठ्याच्या दारावर रंगाने लिहून ठेवा.

तपासलं आणि आकडा चढलेला निघाला, तर औषध एकच, पाणी. पण ते द्यायचं कसं, यात आपल्याकडे फार ढिलाई आहे. दुभत्या गाईला दर लिटर दुधामागे चार-पाच लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. पंधरा लिटरच्या गाईला मे महिन्यात ऐंशी-शंभर लिटर लागलं तर नवल नाही. दिवसभरात लागणाऱ्या पाण्याचा मोठा भाग गाय धार काढून झाल्यावर लगेचच्या तासाभरात पिते. आपल्याकडे नेमकं त्याच वेळी घरातलं माणूस कॅन घेऊन केंद्राकडे धावत असतं आणि गाय दावणीला कोरडी उभी असते. कॅन उचलायच्या आधी पाणी पुढे ठेवा. पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते गाय पिणार नाही. टाकीवर गोणपाट टाका, नळी जमिनीखालून घ्या, हौद सावलीत बांधा आणि आठवड्यातून एकदा घासून आतून चुना लावा. मिठाचा खडा पुढ्यात असू द्या. आणि फार तहानलेल्या जनावराला, त्यातही वासराला, एकदम पोटभर पाणी सोडू नका. रक्तातल्या पेशी फुटून लाल लघवी होते, वासरू दगावू शकतं. थोडं थोडं, तासा-दोन तासांच्या अंतराने द्या.

खिल्लार, देवणी, लाल कंधारी या आपल्या गाई ऊन सोसायला शिकलेल्या आहेत. होल्स्टिन तशी नाही. तिचं रक्त थंड मुलखातलं आहे. तिला आपण दुधासाठी इथे आणलं, तर तिची सावली आणि तिचं पाणी ही आपली जबाबदारी झाली. म्हशीचा रंग काळा, घामाच्या ग्रंथी कमी आणि डुंबायला डबकी आता उरली नाहीत. पंढरपुरी म्हैस घरात असेल तर या तपासणीत तिला मागे ठेवू नका.

पाणीच नाही तर कुठून देऊ, असं विचारणारे माझ्या भागात फार आहेत आणि त्यांचं खरं आहे. 1972 चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगावर काढला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आपण बघितलं. अशा वर्षी तर ही तपासणी जास्तच हवी. पिंपात साठ लिटर पाणी आहे आणि चार जनावरं आहेत, तर कोणाला आधी द्यायचं, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा लघवी बघून ठरवा. जिची सगळ्यात दाट, तिला आधी.

आता तुमच्या-माझ्या हाताबाहेरचं मागते. दूध संघांच्या संचालकांनो, तुमच्या प्रत्येक संकलन केंद्रावर दुधात पाणी मिसळणारा पकडायला यंत्र आहे. त्याच टेबलावर, वेगळ्या कोपऱ्यात, एक रिफ्रॅक्टोमीटर, मोज्यांचा खोका आणि एक वही ठेवा. शेतकरी सकाळी येताना बरणी घेऊन येईल. फेब्रुवारी ते जून एवढंच करा. उन्हाळ्यात तुमचं संकलन घटतं तेव्हा तुम्ही बाहेरून दूध शोधता, त्यापेक्षा हे स्वस्त आहे. चारा छावणी चालवणाऱ्यांनो, छावणीत जनावरांची संख्या आणि पेंडीचं वजन लिहिलं जातं, तिथे रोज दहा जनावरांच्या लघवीचा आकडाही लिहायला लावा. टँकर पुरेसा आला की नाही, याचा इतका खरा पुरावा दुसरा नाही. परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर, मुंबई इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांतल्या मुलामुलींनो, सुट्टीला गावी जाताना तो छोटा रिफ्रॅक्टोमीटर बॅगेत टाका. आपल्या गावातल्या दहा गोठ्यांत तपासून दाखवा, वापरायला शिकवा. माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढंच म्हणते, सलाईनची सुई टोचायच्या आधी एक बरणी मागा.

आणि तुम्ही, ज्या पहाटे साडेचारला गोठ्यात उतरता. शेण तुम्ही काढता, धार तुम्ही काढता, दावं तुमच्याच हातात असतं. गाय लघवी करते तेव्हा घरात दुसरं कोणी जागंही नसतं. उद्या बादलीसोबत एक काचेची बरणी घेऊन जा. गाय उठली की धरा, उजेडात पांढऱ्या कागदापुढे बघा. गडद दिसली तर कोणाची वाट न बघता तिच्या पुढ्यात पाणी ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा बघा.